बाळाला शीची जागा नसेल तर: पहिल्या तपासणीपासून शाळेच्या वयापर्यंत

बाळ रडले, वजन झाले, नाळ बांधली गेली आणि आजीने दुपट्यात गुंडाळून घेतले की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. त्यानंतर बाळाचे नाक कुणासारखे, रंग कुणाचा, याकडे सगळे पाहतात. ढुंगण मात्र नीट उघडून कुणी पाहत नाही. बालशल्यचिकित्सा वॉर्डात परिचारिका म्हणून काम करताना पाचवीच्या दिवशी, पोट फुगून टणक झालेल्या आणि हिरव्या उलट्या करणाऱ्या अवस्थेत आणलेली बाळे मी पाहिली आहेत. त्यांपैकी एका बाळाला दोन दिवस घुटी चाटवून झाली होती आणि बेंबीभोवती हिंगाचा लेप वाळून कडक झाला होता. बाळाला शीची जागाच नाही, हे आमच्याकडे लंगोट सोडल्यावर आजीने पहिल्यांदा पाहिले. त्या बाईंच्या चेहऱ्यावरचा अपराधीपणा मला अजून आठवतो, आणि हा लेख लिहिण्याचे तेच कारण आहे.

या दोषाला वैद्यकीय भाषेत गुदद्वार व गुदाशयाची जन्मजात विकृती म्हणतात. साधारण ५,००० जन्मांमागे एका बाळात तो आढळतो आणि मुलग्यांमध्ये त्याचे प्रमाण किंचित अधिक आहे. पचनमार्गाचे इतरही जन्मजात दोष शस्त्रक्रियेने बरे होतात. अन्ननलिका मध्येच बंद असते, लहान आतड्याच्या सुरुवातीला अडथळा असतो, आतडे पोटात चुकीच्या जागी बसून पीळ पडतो किंवा मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात मज्जापेशी नसल्याने शी पुढे सरकत नाही. या चौथ्या आजाराला हिर्शस्प्रुंगचा आजार म्हणतात. पालकांनी या सर्वांसाठी तीन खुणा लक्षात ठेवल्या तरी पुष्कळ आहे. बाळाच्या तोंडाला सतत फेस येऊन पाजताना ठसका लागणे व अंग निळे पडणे, हिरवी उलटी होणे, आणि पहिल्या २४ तासांत काळी चिकट शी न होणे, यांपैकी एकही खूण दिसली तर पाजणे थांबवून त्याच वेळी डॉक्टरांना दाखवावे. हिरवी उलटी म्हणजे पित्त, आणि नवजात बाळाच्या उलटीत पित्त दिसले की आतड्याला पीळ पडलेला नाही याची खात्री होईपर्यंत ती तातडीचीच बाब मानली जाते. पीळ पडलेले आतडे काही तासांत काळे पडू शकते.

यापुढचा लेख गुदद्वाराच्या दोषाविषयीच आहे, कारण यात शस्त्रक्रियेइतकेच घरच्या माणसांचे हात महत्त्वाचे ठरतात.

पहिली तपासणी कशी करावी

बाळाला उजेडात उताणे झोपवावे, दोन्ही पाय हलकेच पोटाकडे दुमडावेत आणि ढुंगणाचे दोन्ही भाग बोटांनी अलगद बाजूला करावेत. मध्यभागी बारीक सुरकुत्यांचे छिद्र दिसायला हवे. तिथे सपाट कातडी असेल, नुसती खळगी असेल, किंवा छिद्र पुढच्या बाजूला, अंडकोशाच्या किंवा योनीच्या फार जवळ असेल, तर लगेच डॉक्टरांना सांगावे. काडी, बोट किंवा थर्मामीटर आत घालून पाहू नये.

मुलीच्या बाबतीत आणखी काळजी घ्यावी लागते. मुलीला शूची, योनीची आणि शीची अशी तीन वेगळी छिद्रे असतात, आणि तिन्ही मोजून पाहावीत. पुष्कळदा शीची जागा नसते, पण योनीमुखाच्या अगदी आतल्या कडेला बारीक छिद्र असते आणि त्यातून शी येते. लंगोट भरलेला दिसल्याने घरचे निश्चिंत राहतात, आणि सहा-सात महिन्यांनी वरचे अन्न सुरू झाल्यावर शी घट्ट होऊन पोट फुगू लागते तेव्हा दोष कळतो. मुलींमध्ये आढळणारा हा सर्वांत नेहमीचा प्रकार आहे. तिन्हींऐवजी एकच छिद्र दिसत असेल तर तो क्लोएका नावाचा गुंतागुंतीचा दोष असतो, ज्यात मूत्रमार्ग, योनी आणि गुदाशय आत एकत्र येऊन एकाच वाटेने बाहेर उघडतात. अशा मुलीला अनुभवी बालशल्यचिकित्सक असलेल्या मोठ्या केंद्रातच न्यावे. तिची पहिली नीट झालेली शस्त्रक्रिया ही तिच्यासाठी सर्वांत मोठी संधी असते.

हे का झाले, असा प्रश्न प्रत्येक घरात येतो, म्हणून त्याचे उत्तर इथेच देते. गर्भाच्या चौथ्या ते आठव्या आठवड्यात शू आणि शी यांची एकच सामाईक पोकळी असते, आणि मधून एक पडदा खाली उतरून तिचे दोन भाग करतो. ही विभागणी अपुरी राहिली की आतडे आपल्या जागी उघडत नाही. ते आतच संपते किंवा मूत्रमार्गाला, योनीमुखाला जोडलेले राहते. पुष्कळ बायकांना त्या आठवड्यांत आपण गरोदर आहोत हेही नीट कळलेले नसते. ग्रहणात भाजी चिरली, पपई खाल्ली, जिना चढली, यांपैकी कशानेही हे होत नाही. बाळंतिणीला आधीच टाके असतात, बाळ दुसऱ्या रुग्णालयात असते आणि दूध दाटून छाती दुखत असते. तिला त्यावर दोष देणे हा अन्याय आहे, आणि तो घरातल्या मोठ्यांनीच थांबवला पाहिजे.

दोष कळल्यावरचे पहिले काही तास

पाजणे थांबवावे. घुटी, मध, साखरेचे पाणी, काहीही देऊ नये, कारण वाट बंद असताना वरून गेलेले सर्व पोटात साठते आणि उलटी श्वासनलिकेत जाण्याचा धोका वाढतो. शक्य असेल तर त्याच रुग्णालयात नाकातून जठरापर्यंत नळी घालून घ्यावी आणि सलाईन सुरू करून मगच बाळाला हलवावे. प्रवासात बाळ उबदार राहणे सर्वांत महत्त्वाचे आहे. टोपी, मोजे घालून आईच्या किंवा वडिलांच्या उघड्या छातीशी लावून वरून पांघरूण घेतले तर बाळ चांगले उबदार राहते. सोबत संदर्भपत्र, बाळाचे वजन, जन्माची वेळ आणि व्हिटॅमिन के इंजेक्शन दिल्याची नोंद असावी. आईला त्याच दिवशी येणे शक्य नसेल तरी तिने दर दोन-तीन तासांनी दूध पिळून काढत राहावे. ते दूध शस्त्रक्रियेनंतर लागणारच आहे आणि पिळले नाही तर ते आटते.

महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका विनामूल्य मिळते. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयात आजारी बाळाचे उपचार, औषधे, तपासण्या आणि ने-आण पहिल्या वर्षापर्यंत मोफत आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बालशल्यचिकित्सेचे अनेक उपचार येतात. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्राची खिडकी असते, तिथे वडिलांनी किंवा मामाने पहिल्याच दिवशी शिधापत्रिका घेऊन जावे आणि शिधापत्रिकेवर नाव नसलेल्या नवजात बाळासाठी कोणते कागद चालतील ते विचारून घ्यावे. हे काम चार दिवसांवर ढकलले की घाईत कर्ज काढावे लागते.

मोठ्या रुग्णालयात पोहोचल्यावर डॉक्टर लगेच शस्त्रक्रिया करत नाहीत, याचा नातेवाइकांना राग येतो. तो राग समजण्यासारखा आहे, पण थांबण्यामागे कारण असते. आतड्यात पुरेसा दाब तयार होऊन काळी शी एखाद्या बारीक वाटेने बाहेर दिसू लागायला १६ ते २४ तास लागतात, आणि ती कुठून दिसते यावर पुढचा सगळा निर्णय अवलंबून असतो. मुलग्याच्या शिश्नाच्या टोकाशी आम्ही पांढऱ्या गॉजचा तुकडा ठेवतो. त्यावर हिरवट काळा डाग उमटला की आतडे मूत्रमार्गाला जोडलेले आहे हे कळते. एवढासा डाग, पण त्यावरून बाळाच्या पुढच्या वर्षभराचा आराखडा ठरतो. कातडीवर, अंडकोशाच्या खाली शीचा ठिपका दिसला तर दोष खालच्या पातळीचा आहे, म्हणजे आतडे कातडीच्या जवळ येऊन थांबले आहे, आणि एकाच लहान शस्त्रक्रियेत काम होण्याची शक्यता असते. २४ तासांनंतरही काहीच दिसले नाही तर बाळाला पालथे झोपवून, ढुंगण वर ठेवून बाजूने एक्स-रे काढतात आणि आतड्यातील हवा कातडीपासून किती अंतरावर आहे ते पाहतात. पूर्वी यासाठी बाळाला उलटे धरून एक्स-रे काढत असत. वँगनस्टीन आणि राइस यांनी १९३० मध्ये ती पद्धत मांडली होती. पालथे झोपवल्याने तेच कळते आणि बाळाला त्रास कमी होतो.

या थांबण्याच्या वेळात दुसरे महत्त्वाचे काम होते. या दोषासोबत निम्म्याहून अधिक बाळांमध्ये आणखी कुठे ना कुठे दोष असतो, म्हणून हृदयाची टुडी इको, मूत्रपिंडांची व पाठीच्या मज्जारज्जूची सोनोग्राफी आणि मणक्याच्या शेवटच्या हाडाचा एक्स-रे करतात, तसेच नाकातली नळी जठरात सहज उतरते का हे पाहून अन्ननलिका उघडी असल्याची खात्री करतात. मज्जारज्जूची सोनोग्राफी पहिल्या तीन महिन्यांतच नीट दिसते, पुढे हाडे टणक झाल्यावर एमआरआय लागतो. म्हणून ती राहून गेली असेल तर पालकांनी आठवण करून द्यावी. हे सर्व अहवाल एका फाइलमध्ये तारखेप्रमाणे लावून ठेवावेत.

पोटावरचा शीचा मार्ग

दोष खालच्या पातळीचा असेल तर पहिल्या एक-दोन दिवसांतच थेट दुरुस्ती करतात. आतडे मूत्रमार्गाला जोडलेले असेल किंवा वरच्या पातळीवर थांबले असेल तर आधी पोटाच्या डाव्या बाजूला मोठ्या आतड्याची दोन तोंडे बाहेर काढतात. याला कोलोस्टोमी म्हणतात आणि बाहेर दिसणाऱ्या तोंडाला स्टोमा. वरच्या तोंडातून शी येते, खालच्या तोंडातून पांढरट चिकट स्राव येतो. दोन्ही तोंडे एकमेकांपासून वेगळी ठेवतात, कारण शी खालच्या भागात उतरली तर ती मूत्रमार्गात जाऊन संसर्ग होतो. योनीमुखात छिद्र असलेल्या मुलींमध्ये काही शल्यचिकित्सक कोलोस्टोमीशिवाय थेट शस्त्रक्रिया करतात, काही आधी कोलोस्टोमी करतात. दोन्ही मार्ग मान्य आहेत आणि तिथे शल्यचिकित्सकाच्या अनुभवावर विसंबावे.

पोटावर लाल मांसल गोळा पाहून आईला रडू येते. तिला पहिली गोष्ट सांगावी ती ही की स्टोमाला हात लावल्याने बाळाला दुखत नाही, कारण तिथे कातडीसारखी वेदनेची जाणीव नसते. निरोगी स्टोमा लाल-गुलाबी आणि ओला दिसतो, आपल्या ओठाच्या आतल्या बाजूसारखा. पुसताना एखादा थेंब रक्त येते, त्याची भीती नाही. तो निळसर-काळा पडला, एकदम लांब बाहेर आला, किंवा शी बंद होऊन पोट फुगले तर मात्र वेळ न घालवता रुग्णालय गाठावे.

रोजची काळजी अशी घ्यावी. कोमट पाण्यात भिजवलेल्या मऊ सुती कापडाने स्टोमाभोवतीची कातडी पुसावी. साबण, डेटॉल, सुगंधी वाइप्स नकोत. कातडी पूर्ण कोरडी होऊ द्यावी, कारण ओल्या कातडीवर पिशवी टिकत नाही. पिशवीच्या चिकटपट्टीला स्टोमाच्या मापापेक्षा दोन-तीन मिलिमीटर मोठे भोक कापावे, चिकटपट्टी तळहातात धरून थोडी गरम करावी आणि लावल्यावर मिनिटभर हाताने दाबून ठेवावी. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करावी, आणि दोन-तीन दिवसांनी किंवा गळू लागताच बदलावी. पहिल्या काही आठवड्यांत स्टोमाची सूज उतरून तो लहान होतो, म्हणून दर वेळी माप नव्याने घ्यावे. जुन्या मापाचे भोक कापत राहिल्याने कातडी सोललेली बाळे मी पुष्कळ पाहिली आहेत.

पिशव्या महाग पडतात आणि तालुक्याच्या ठिकाणी मिळतही नाहीत. अशा घरांना आम्ही कापडाची पद्धत शिकवतो. स्टोमाभोवतीच्या कातडीवर झिंक ऑक्साइडचे मलम जाडसर लावायचे, त्यावर जुन्या धुतलेल्या सुती साडीची घडी ठेवायची, वरून दुसरे कापड पोटाला सैल बांधायचे आणि घडी भिजली की लगेच बदलायची. आजीच्या जुन्या लुगड्याइतके मऊ कापड विकत मिळत नाही, हे मी अनुभवाने सांगते. मोठ्या आतड्याची शी लहान आतड्याच्या शीइतकी कातडीला जाळत नाही, त्यामुळे ही पद्धत मोठ्या आतड्याच्या कोलोस्टोमीला चांगली चालते.

कोलोस्टोमी असलेल्या बाळाला अंगावरचे दूध पूर्ण द्यावे, लसी वेळेवर द्याव्यात, अंघोळ घालावी, जागे असताना नजरेसमोर पालथे ठेवावे. बारसे करावे. बाळाचे वजन दर महिन्याला वाढलेच पाहिजे, कारण पुढची शस्त्रक्रिया त्यावर अवलंबून आहे.

मुख्य शस्त्रक्रिया

बाळ नीट वाढू लागल्यावर, काही केंद्रांत पहिल्या दोन-तीन महिन्यांत तर काही ठिकाणी सहा महिन्यांच्या आसपास, मुख्य शस्त्रक्रिया होते. त्याआधी खालच्या तोंडातून औषध सोडून एक्स-रे काढतात, ज्याला डिस्टल कोलोस्टोग्राम म्हणतात. आतड्याचे टोक नेमके कुठे आहे आणि ते मूत्रमार्गाला कोणत्या जागी जोडले आहे याचा तो नकाशा असतो. हा एक्स-रे झाला का, हे पालकांनी विचारणे योग्यच आहे. नकाशा नसताना आतडे शोधत जाण्यात मूत्रमार्ग आणि शेजारच्या नसा दुखावण्याचा धोका असतो.

आज जगभर रूढ असलेली पद्धत बालशल्यचिकित्सक अल्बर्टो पेन्या यांनी १९८० मध्ये मेक्सिको सिटीत पहिल्यांदा केली आणि पीटर डी व्ह्रीस यांच्यासह १९८२ मध्ये मांडली. बाळाला पालथे झोपवून कमरेचा भाग उंच करतात आणि ढुंगणाच्या बरोबर मध्यरेषेत छेद घेतात. शी रोखून धरणारे स्नायू या रेषेच्या दोन्ही बाजूंना सारखे विभागलेले असतात, म्हणून मधून गेल्यास ते कापले जात नाहीत. विजेच्या सौम्य झटक्याने स्नायू कुठे आखडतात ते पाहून नव्या गुदद्वाराची जागा ठरते, आतडे मूत्रमार्गापासून सोडवतात आणि त्या स्नायूंच्या मधोमध आणून बसवतात. आतडे फार वर, मूत्राशयाजवळ असेल तर पोटातूनही काम करावे लागते, आणि ते दुर्बिणीने करता येते.

मूत्रमार्गाशी जोड असलेल्या मुलग्याला त्यानंतर साधारण पाच ते सात दिवस लघवीची नळी असते. ती निघू नये यासाठी डोळ्यांत तेल घालून लक्ष द्यावे. ती अचानक निघाली तर स्वतः किंवा नवख्या माणसाकडून परत घालून घेऊ नये, शल्यचिकित्सकालाच बोलवावे. या छेदाचे दुखणे आईवडिलांना वाटते त्यापेक्षा कमी असते आणि बाळ लवकर खेळू लागते.

डायलेटर: घरी करायचे सर्वांत कठीण काम

नवे गुदद्वार गोल जखमेसारखे असते आणि गोल जखम भरताना आवळते. ते अरुंद होऊ नये म्हणून शस्त्रक्रियेनंतर साधारण दोन आठवड्यांनी धातूची गुळगुळीत कांडी आत घालण्यास सुरुवात करतात. तिला हेगार डायलेटर म्हणतात आणि तिचा क्रमांक म्हणजेच तिची मिलिमीटरमधील जाडी. पहिला क्रमांक शल्यचिकित्सक ठरवतात, पहिल्यांदा स्वतः घालून दाखवतात आणि दुसऱ्यांदा आईकडून किंवा वडिलांकडून करून घेतात. स्वतःच्या हाताने एकदा केल्याशिवाय घरी जाऊ नये.

रोज दोनदा, पाजण्याच्या आधी, बाळाला उताणे झोपवून गुडघे पोटाशी घ्यावेत. एकाने पाय धरावेत, दुसऱ्याने डायलेटरला भरपूर जेली लावून तो शिकवलेल्या दिशेने, शिकवलेल्या खोलीपर्यंत हळू सरकवावा आणि अर्धा मिनिट तसाच ठेवून काढावा. जोर लावून ढकलू नये. दर आठवड्याला क्रमांक एकाने वाढवतात. नेहमी वापरल्या जाणाऱ्या तक्त्यात १ ते ४ महिन्यांच्या बाळासाठी १२, पुढे ८ महिन्यांपर्यंत १३, वर्षापर्यंत १४, तीन वर्षांपर्यंत १५ आणि त्यापुढे १२ वर्षांपर्यंत १६ असे लक्ष्य असते. लक्ष्य गाठले की पोटावरची कोलोस्टोमी बंद करण्याची वेळ येते, पण डायलेटर लगेच थांबत नाही. शेवटचा क्रमांक सहज आणि न दुखता जाऊ लागल्यावर महिनाभर दिवसातून एकदा, मग महिनाभर दर तिसऱ्या दिवशी, मग आठवड्यातून दोनदा, मग एकदा आणि शेवटी तीन महिने दर पंधरवड्याला, असे ते कमी करत जातात. काही शल्यचिकित्सक याहून सौम्य वेळापत्रक देतात. आपल्या बाळासाठी जे लिहून दिले असेल तेच पाळावे.

बाळ रडते, आजीला पाहवत नाही आणि ‘आज राहू दे’ असे कुणीतरी म्हणते. हा आठवड्यातला एक दिवस पुढे चार दिवस होतो, मधल्या काळात कडा आवळून टणक होते आणि मग तोच क्रमांक घालताना रक्त येते, म्हणून घरचे अधिकच घाबरतात. अशा वेळी दोन क्रमांक मागे जाऊन पुन्हा सुरुवात करायची की भूल देऊन पाहायचे, हे शल्यचिकित्सकाला विचारावे, लपवू नये. या कामाला वडिलांनी हात लावलाच पाहिजे असे माझे स्पष्ट मत आहे. आईच एकटी करत राहिली तर बाळ तिला पाहून रडू लागते आणि तिचे मन मोडते.

कोलोस्टोमी बंद झाल्यावर पहिले काही आठवडे बाळाला दिवसातून दहा-पंधरा वेळा थोडी थोडी शी होते. त्या जागेच्या कातडीने आजवर शी पाहिलेलीच नसते, त्यामुळे ती लाल होऊन सोलवटते. शस्त्रक्रियेनंतर कातडी लाल होण्याची वाट न पाहता पहिल्या दिवसापासून झिंक ऑक्साइडचा जाड थर द्यावा, प्रत्येक शीनंतर तो घासून काढू नये, फक्त वरची घाण पाण्याने धुऊन पुन्हा थर द्यावा आणि दिवसातून काही वेळ ढुंगण उघडे ठेवावे.

बद्धकोष्ठ: इथे ढिलाई नको

सगळे झाले असे वाटून घरचे निर्धास्त होतात, आणि नेमके त्यानंतरच खरे लक्ष देण्याची गरज असते. या मुलांमध्ये नंतर सर्वाधिक त्रास बद्धकोष्ठाचा होतो, आणि दोष जितका खालच्या पातळीचा, म्हणजे जितका ‘साधा’, तितका बद्धकोष्ठ अधिक. शी साठत गेली की गुदाशय ताणून मोठा होतो, मोठा झालेला गुदाशय नीट आकुंचन पावत नाही आणि म्हणून आणखी साठते. शेवटी घट्ट गोळ्याच्या बाजूने पातळ शी झिरपते आणि घरच्यांना वाटते की मुलाला जुलाब होत आहेत. जुलाब समजून शी बांधणारे औषध दिले की प्रकरण चिघळते. कपडे खराब होत असतील तर आधी पोट तपासून आणि गरज पडल्यास पोटाचा एक्स-रे काढून शी साठली आहे का हे पाहावे.

मुलाला रोज एकदा तरी भरपूर शी झाली पाहिजे. सहा महिन्यांनंतर वरचे अन्न सुरू करताना नुसता मऊ भात, केळे आणि बिस्किटे यांवर भर देऊ नये. भाज्या घातलेली पातळ खिचडी, पपई, भिजवलेल्या मनुका, वर्षानंतर ज्वारीची कुस्करलेली भाकरी आणि पुरेसे पाणी असावे. आहाराने भागले नाही तर डॉक्टर लॅक्टुलोज, पॉलिएथिलीन ग्लायकॉल किंवा सोनामुखीपासून केलेले औषध देतात. ‘सवय लागेल’ म्हणून पालक ते मध्येच थांबवतात. ते थांबवू नये; या मुलांच्या आतड्याला त्याची गरज असते आणि मात्रा कमी-जास्त करणे डॉक्टरांवर सोडावे. एरंडेल घरच्या घरी देऊ नये.

तिसऱ्या वर्षाच्या आसपास मुलाला जेवणानंतर दहा मिनिटे, पाय टेकतील अशा पॉटीवर बसवण्याची सवय लावावी, कारण पोटात अन्न गेल्यावर मोठे आतडे आपसूक हलते. पेन्या यांच्या मोठ्या रुग्णमालिकेत सुमारे तीन चतुर्थांश मुलांना स्वतःहून शी करता येत होती, तरी त्यांच्यातील जवळपास निम्म्यांचे कपडे अधूनमधून खराब होत होते. मणक्याचे शेवटचे हाड अपुरे असेल किंवा आतडे मूत्राशयाच्या पातळीवर असेल तर नियंत्रण येण्याची शक्यता कमी असते. ही गोष्ट पालकांना सुरुवातीलाच सांगायला हवी, म्हणजे पाच वर्षांच्या मुलाला ‘लक्ष देत नाहीस’ म्हणून मार बसणार नाही.

नियंत्रण येत नसेल तरी मूल स्वच्छ राहून शाळेत जाऊ शकते. रोज ठरलेल्या वेळी एनिमा देऊन मोठे आतडे रिकामे केले की पुढच्या दिवसापर्यंत कपडे कोरडे राहतात. त्यासाठी मिठाचे पाणी वापरतात: १ लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात ९ ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचे सपाट दीड चमचे. साधे पाणी मोठ्या प्रमाणात देऊ नये, त्याने रक्तातील क्षारांचे प्रमाण बिघडू शकते. किती मिलिलिटर द्यायचे हे रुग्णालयात आठवडाभर करून, एक्स-रे पाहून ठरवतात. मूल मोठे झाले आणि मागून एनिमा घेणे त्याला लाजिरवाणे वाटू लागले तर अपेंडिक्सचे टोक बेंबीशी जोडून तिथून बारीक नळीने पाणी सोडण्याची शस्त्रक्रिया करता येते. पॅट्रिक मेलोन यांनी ती १९९० मध्ये मांडली. मूल शौचालयात बसून स्वतःच ते करते. वर्गशिक्षिकेला एवढेच सांगून ठेवावे की या मुलाला मागेल तेव्हा बाहेर जाऊ द्यावे आणि दप्तरात जादा कपडे असतात.

पुढची वर्षे

मूत्रपिंडांची सोनोग्राफी ठरलेल्या अंतराने करत राहावी. चालायला लागलेले मूल पुन्हा पाय ओढू लागले, कोरडे राहणारे मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागले, किंवा बद्धकोष्ठ अचानक वाढले तर मज्जारज्जू खाली अडकला आहे का हे पाहावे लागते. विनाकारण ताप आला तर लघवी तपासावी.

मुलीच्या बाबतीत पाळी येण्याच्या वयाआधी गर्भाशय आणि योनीमार्गाची तपासणी करून घ्यावी, विशेषतः क्लोएका असेल तर. रक्त बाहेर पडण्याची वाट अरुंद असेल तर पाळी न दिसता दर महिन्याला पोट दुखत राहते. या मुलींपासून त्यांची शस्त्रक्रिया लपवून ठेवण्याची पद्धत मला अतिशय चुकीची वाटते. दहा-अकरा वर्षांची मुलगी ‘माझ्या पोटावर हा व्रण कशाचा’ असे विचारते, तेव्हा तिला खरे उत्तर मिळाले पाहिजे. लग्नानंतर दिवस राहिले तर प्रसूती नैसर्गिक होऊ द्यायची की सिझेरियन करायचे, हे ठरवताना स्त्रीरोगतज्ज्ञाला जुन्या शस्त्रक्रियेची टिपणी वाचावी लागते. म्हणून शस्त्रक्रियेची टिपणी, डिस्टल कोलोस्टोग्राम, मणक्याचा एक्स-रे आणि शेवटची सोनोग्राफी यांच्या प्रती प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये घालून, एक छायाचित्र मोबाइलमध्येही ठेवून, मूल अठरा वर्षांचे झाले की ती फाइल त्याच्या स्वतःच्या हाती द्यावी.